रोज दुपारी बंद पडणारा संगणक

बालदोस्तांनो, चालतं तर आहे, पण केव्हा रुसेल याचा नेम नाही, असं एखादं यंत्र तुमच्याही घरात असेल. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे टीव्ही. मिरजगावच्या एका घरात ते यंत्र म्हणजे टेबलावरचा संगणक होता.

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं मोठं गाव. (नगर जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) पाऊस कमी, ज्वारीची शेती आणि उन्हाळा असा कडक की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. हे सगळं भूगोलाच्या पुस्तकासारखं का सांगतो आहे? कारण त्याचा आपल्या संगणकाशी अगदी जवळचा संबंध आहे. तो पुढं कळेलच.

गेल्या मे महिन्यात मी तिथं माझ्या मावसभावाकडं गेलो होतो. घरात नववीतली ताई, सहावीतला धाकटा आणि त्यांची आजी. संगणक २००९ साली घेतलेला, म्हणजे धाकट्यापेक्षाही वयानं मोठा! चालता चालता बंद पडायचा, कधी आपला आपणच पुन्हा सुरू व्हायचा, कधी नुसता गोठून बसायचा. एका दुकानदारानं न उघडताच सांगितलं होतं, ‘‘मदरबोर्ड गेलाय. नवाच घ्या.’’

भाऊ म्हणाला, ‘‘देऊन टाकू भंगारात.’’

आजी दारातूनच म्हणाली, ‘‘आरं, त्याच्यात त्यांचा आवाज हाय. तो कसा टाकायचा?’’

आजोबा गावच्या भजनात गायचे. ते गेल्याला सात वर्षं झाली. त्यांची अकरा भजनं कुणीतरी मोबाइलवर टिपून या संगणकात ठेवली होती. ती फक्त तिथंच होती, दुसरीकडं कुठंच नव्हती.

आता सांगा, सुरुवात कुठून करायची?

आधी माणसं बाहेर, मग आग

दुरुस्तीच्या उत्साहात बरेच जण लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतात. थांबा! घराला आग लागली तर आपण आधी माणसं बाहेर काढतो ना? संगणकाचंही तसंच. आधी त्यातली मोलाची माहिती बाहेर काढायची, मग बिघाड शोधायचा.

धाकटा म्हणाला, ‘‘सोपं आहे. चालू करून पेन ड्राइव्हवर घेऊ.’’ पण यात एक मेख आहे. संगणकाची मेमरी बिघडलेली असेल, तर नक्कल करतानाच माहितीत चूक शिरू शकते. फाइल दिसायला तशीच दिसते, पण उघडायला गेलं की उघडत नाही. म्हणून आजारी यंत्राकडून नक्कल करून घेऊ नये.

आम्ही संगणकाची वायर भिंतीपासून काढली, कॅबिनेट उघडलं, हार्ड डिस्क सोडवली आणि डिस्क यूएसबीला जोडायची वायर वापरून ती शेजारच्यांच्या चांगल्या लॅपटॉपला लावली. दहा भजनं सुखरूप आली. अकरावं मात्र काही केल्या वाचता येईना. डिस्कवरचा तेवढाच भाग खराब झाला होता. आम्ही तीनदा प्रयत्न केला आणि थांबलो. मरायला टेकलेल्या डिस्कला उगाच पळवलं तर ती उरलेलंही घेऊन जाते.

आजीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘धा हायेत ना? ऱ्हाऊ दे.’’ पण ताईचा चेहरा पडला. दोस्तांनो, नक्कल वेळेवर केली असती तर अकराच्या अकरा राहिली असती. हे विसरू नका.

वही हाच खरा डॉक्टर

आता शोध सुरू. हार्ड डिस्क आम्ही मुद्दामच परत लावली नाही. पेन ड्राइव्हवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून संगणक तिच्यावर चालवला. का बरं? कारण आता जुनी डिस्कही नाही आणि जुनी विंडोजही नाही. तरीही संगणक बंद पडला, तर त्या दोघांना यापुरतं निर्दोष सोडता येईल. आणि तो बंद पडलाच! म्हणजे दोष आतल्या दुसऱ्या कुठल्या तरी भागात होता.

मग ताईनं एक वही केली. पाच रकाने: तारीख, वेळ, आपण काय करत होतो, संगणकानं काय केलं आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. शेवटचा रकाना बघून धाकटा हसला. पण याच रकान्यानं पुढं कमाल केली.

चार दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्या वाचताना ताईच्या लक्षात आलं, की हा एक रोग नाहीच. चार वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

पाच वेळा संगणक एकदम बंद झाला. पाचही वेळा दुपारी एक ते चारच्या दरम्यान. आणि दहा मिनिटं तरी तो पुन्हा सुरूच होत नव्हता.

चार वेळा तो बंद होऊन लगेच आपला आपण सुरू झाला. चारही वेळा शेवटच्या रकान्यात एकच शब्द: ‘गिरणी’. समोरची पिठाची गिरणी नेमकी त्याच क्षणी सुरू झाली होती!

तीन वेळा तो मध्येच गोठला. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेलं नाही.

दोन वेळा सकाळी सुरू केल्यावर तारीख भलतीच दिसली, बरीच वर्षं मागची.

जुन्या यंत्राची गंमत इथंच आहे. त्याला एकाच वेळी अनेक दुखणी असतात. एक बरं केलं तरी ते बंद पडतंच, मग आपण म्हणतो, ‘उपाय चुकला.’ उपाय बरोबर असतो; दुसरं दुखणं शिल्लक असतं. म्हणून नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झालं ते लिहायचं.

पहिला धागा: दुपार

दुपारचं कोडं आधी घेतलं, कारण संगणक तापत असेल तर पुढच्या सगळ्या चाचण्या फसतील.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. आणि त्यावर पंखा. पंखा खोलीतली हवाच फिरवतो, त्यामुळं तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. खोली २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली, की प्रोसेसरही साधारण तेवढेच अंश वर चढतो. आणि फार तापला, की जळू नये म्हणून संगणक स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे तो रुसत नव्हता, जीव वाचवत होता!

या घरातला संगणक पत्र्याच्या खोलीत होता. कॅबिनेट उघडल्यावर काय दिसलं? हीटसिंकच्या पात्यांमध्ये जणू करड्या रंगाची गोधडीच बसली होती. रस्त्याचा फुफाटा आणि ज्वारीच्या मळणीचा बारीक भुसा! हवेला वाटच उरली नव्हती.

संगणक अंगणात नेला. रंगाच्या मऊ ब्रशनं आणि हवेच्या पंपानं धूळ काढली. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचा ओलावा आत जातो. पंप मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरून खराब होतो. मग भावानं हीटसिंक काढून प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसली आणि वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावली. ही पेस्ट दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवते, म्हणून उष्णता झटकन वर जाते.

संगणक सुरू होताना बायॉस नावाच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. आधी भर दुपारी ते ८८ अंश होतं. सफाईनंतर, त्याच वेळी, त्याच खोलीत ५९! दुपारचं बंद पडणं थांबलं. खर्च: पेस्टची एक छोटी नळी.

दुसरा धागा: गिरणी

गिरणीची मोठी मोटर सुरू होते, तेव्हा पहिल्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. त्या क्षणी आसपासच्या घरांत बल्ब किंचित मंद होतो, पाहिलाय ना? भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये एक खड्डा पडतो म्हणा ना.

संगणकात वीजपुरवठ्याचा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. त्यात कपॅसिटर असतात, म्हणजे विजेच्या छोट्या टाक्या. विजेत क्षणाचा खड्डा पडला तर या टाक्यांमधली वीज वेळ निभावून नेते. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. तुमची पापणी मिटायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पण तेवढं पुरतं. वय झालं, उष्णता लागली, की कपॅसिटर सुकतात आणि टाकी लहान लहान होत जाते.

आमचा संशय बरोबर आहे का, हे कसं ठरवायचं? चांगला भाग उसना आणून बसवायचा! ओळखीच्या एका संगणक वर्गातून एसएमपीएस दोन दिवसांपुरता आणला. गिरणी रोजच्यासारखी चालली. संगणक एकदाही उठून बसला नाही. जुना परत लावला, तर पहिल्याच दळणाला पुन्हा सुरू! आता शंका उरली नाही. नवा एसएमपीएस घेतला.

इथं एक कडक सूचना. एसएमपीएसचा डबा कधीही, अगदी कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत वीज साठलेली राहू शकते. जुना, मागून फुगीर असलेला मॉनिटर तर त्याहून धोकादायक. त्यात हजारो व्होल्ट असतात. हे डबे सबंध बदलायचे असतात, उघडायचे नसतात.

तिसरा धागा: कधीही गोठणं

ज्याला वेळकाळ नाही असा बिघाड सगळ्यांत लबाड. संशय गेला मेमरीवर, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांवर. रॅममध्ये सगळी माहिती ० आणि १ अशा बिटांत असते. एक बिट उलटला तरी गोंधळ होतो. किती गोंधळ? बेल्जियममध्ये २००३ सालच्या निवडणुकीत स्खारबेक या ठिकाणी एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडल्याचं मतयंत्रानं दाखवलं. शक्यच नव्हतं, म्हणून पुन्हा मोजणी झाली. आता २ ला २ नं गुणत चला: २, ४, ८, १६… बाराव्या पायरीला किती येतात? ४०९६! म्हणजे एक, फक्त एक बिट ० चा १ झाला होता. अंतराळातून येणाऱ्या किरणांचा हा प्रताप असावा असा तज्ज्ञांचा अंदाज होता, तो सिद्ध मात्र झाला नाही.

आमच्या संगणकात एकेक जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं हळुवार पुसल्या, चुरा झटकला आणि परत घट्ट बसवल्या. नुसत्या एवढ्यानंही पुष्कळ संगणक सुधारतात! आमचा नाही सुधारला.

मग मेमटेस्ट८६+ ही फुकट मिळणारी चाचणी चालवली. ती मेमरीच्या कानाकोपऱ्यात काही लिहिते आणि परत वाचून पडताळते. पण दोष पट्टीत आहे की ती ज्या खाचेत बसते त्या खाचेत? ताईनं वहीत चार चौकटी आखल्या. पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत; दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत. चार रात्री, चार चाचण्या. रात्रीच का? तेव्हा गारवा असतो आणि गिरणी बंद असते. दुसरी कुठलीच गडबड मध्ये नको!

निकाल: पहिली पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष. दुसरी पट्टी दोन्ही खाचांत चुकली. म्हणजे दोष पट्टीचा, खाचेचा नाही. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चुकल्या असत्या, तर मात्र दोष खाचेचा, म्हणजे मदरबोर्डचा ठरला असता. पाहिलंत, दुकानदारानं ज्याच्यावर आळ घेतला तो मदरबोर्ड सुटला!

चौथा धागा: हरवलेली तारीख

हा सगळ्यांत सोपा. संगणक बंद असतानाही त्याचं घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं, सीआर २०३२. याचा अर्थ ठाऊक आहे? व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर! तो ३ व्होल्ट देतो. काही वर्षांनी संपतो, मग रात्री मुख्य बटण बंद केलं की संगणक तारीख विसरतो. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पानंही उघडायला नकार देतात, कारण त्यांच्या ओळखपत्रांची मुदत तारखेवरच तपासली जाते. सेल बदलला, घड्याळ ताळ्यावर आलं. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं.

थोरामोठ्यांचीही वही होती

ताईसारखी वही ठेवणारे मोठे मोठे लोक होऊन गेले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या मार्क-२ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीनं नोंदवहीतच चिकटवून टाकला! बिघाडाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती. पण खराखुरा किडा सापडला तो असा. ते पान अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी देशातच बांधलेला मोठा संगणक १९६० साली सुरू झाला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचं नाव ठेवलं ‘टिफ्रॅक’. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, बल्बसारखे तापणारे काचेचे दिवेच म्हणा ना. अशा यंत्रात निकामी झालेला एक व्हॉल्व्ह हुडकायचा म्हणजे केवढी चिकाटी हवी!

कधी थांबायचं?

सगळेच संगणक वाचतात असं नाही. मदरबोर्डवर उभे छोटे डबे दिसतात, तेही कपॅसिटरच. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. ते फुगलेलं असेल किंवा त्यातून तपकिरी रस गळत असेल, तर समजा की बोर्ड थकला. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कितीतरी बोर्डांमध्ये सदोष रसायनाचे कपॅसिटर बसवले गेले आणि ते जगभर फुगले. असा बोर्ड जाणकाराच्या हाती द्यावा, नाहीतर निरोप द्यावा. निरोप म्हणजे उकिरड्यावर फेकणं नव्हे! त्यात शिशासारखे विषारी पदार्थ असतात. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यावा.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

मोठं माणूस सोबत हवंच. संगणक बंद करून वायर भिंतीपासून काढा. सुरू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. काढलेले स्क्रू एका वाटीत ठेवा आणि कुठली वायर कुठं होती त्याचा आधीच फोटो घ्या.

पालकांनाही एक विनंती. मूल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलं तर एकदम ओरडू नका, शेजारी बसा. जुना संगणक शिकायला फार चांगला. चुकलं तरी मोठं नुकसान नाही.

आता मिरजगावचं शेवटचं. नवी डिस्क, नवा एसएमपीएस, जुन्या बाजारातून घेतलेली मेमरीची एक पट्टी, पेस्ट आणि सेल, एवढ्यावर संगणक पुन्हा उभा राहिला. मी निघालो त्या आठवड्यात ताईनं वहीचं पान मला दाखवलं. वर तारखा घातलेल्या, रकाने आखलेले आणि खाली काहीच नाही. आठ दिवस एकही नोंद नाही!

‘‘काका, कोरं पान बघून एवढा आनंद पहिल्यांदाच झाला,’’ ती म्हणाली.

आतल्या खोलीत आजी दहापैकी एक भजन ऐकत होती. ताईनं ती दहाही भजनं आता तीन ठिकाणी ठेवली आहेत: संगणकात, पेन ड्राइव्हवर आणि पुण्याच्या आत्याकडे.

तुमच्या घरात असं मोलाचं काय काय एकाच ठिकाणी पडून आहे? हे पान वाचून झालं की उठा, आणि आधी तेवढं बघा.